‘कशाचा कण?’ विचारणाऱ्या धकाते मॅडम

श्रीमती इंदुमती धकाते यांची आणि माझी पहिली भेट करडीच्या शाळेतील शिक्षकखोलीत झाली. तिचे निमित्त माझ्या मिशीला चिकटलेला पोहा होता. विज्ञान शिक्षक म्हणून मी त्याच दिवशी रुजू होत होतो. एकोडीहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो होतो आणि वाटेत बसस्थानकाबाहेरच्या ठेल्यावर घाईघाईने तर्री-पोहे खाल्ले होते. मुख्याध्यापकांनी सर्वांशी ओळख करून दिली. नमस्कार झाले. समोर बसलेल्या, पांढऱ्या काठाची हातमागाची साडी नेसलेल्या एका मॅडमनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि मिशीला काहीतरी लागले आहे, असे हळूच सुचवले. मी ओशाळून रुमालाने पुसले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

मॅडमच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. त्यांनी मला विचारले, “सर, ब्रेडचा किंवा बिस्किटाचा बारीक तुकडा असता, तर इंग्रजीत त्याला क्रम्ब म्हटलं असतं. पोह्याला क्रम्ब म्हणता येईल का हो?”

मी सांगितले की मी विज्ञानाचा माणूस आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला विचारते. इंग्रजीच्या माणसाला विचारले असते तर त्याने लगेच उत्तर दिले असते. खोलीत हसू पिकले. मी मात्र त्या दिवशी दुसऱ्या तासाला वर्गात उभा असताना तेच घोळवत होतो. पोहा हा मुळात अख्खा दाणा. चपटा केला तरी तो एक दाणाच राहतो, कशापासून तुटलेला नसतो. मग क्रम्ब कसा? मधल्या सुट्टीत मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, जणू एखाद्याने मोठी भेट आणून दिली असावी. “म्हणजे क्रम्बला आधी तुटावं लागतं,” त्या म्हणाल्या. नव्या गावात, नव्या नोकरीत माझी पहिली मैत्री अशी जुळली.

मॅडमना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनावर, शाळेसाठी केलेल्या कामावर त्यांचे अनेक विद्यार्थी आणि सहकारी लिहितील. मी माझ्या वाट्याला त्यांचे कुतूहल घेतले आहे, कारण ते मी सर्वांत जवळून पाहिले आणि त्यामुळे काय घडू शकते हेही पाहिले.

मॅडमचे माहेर मोहाडीचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. वडील मागावर बसत, आई सुताच्या कांड्या भरत असे. इंग्रजी त्यांच्या घरात कोणालाच येत नव्हते. कॉलेजात असताना त्यांनी एकदा वाचले की फाटलेल्या कापडाच्या चिंधीला श्रेड म्हणतात आणि कापडाच्या उरलेल्या तुकड्याला स्क्रॅप. घरी येऊन त्यांनी हे वडिलांना सांगितले. वडिलांनी माग थांबवून विचारले, “आन मंग धाग्याच्या तुटक्याले काय म्हनतेत?” मॅडमना ते ठाऊक नव्हते. वडील म्हणाले, दिवसभर आपल्या पायाशी तेच तर पडते. त्यांनी पुन्हा माग सुरू केला. मुलगी मात्र त्या प्रश्नात अडकली ती कायमची. त्या म्हणतात, इंग्रजी विषय घ्यायचा हे मी त्या दिवशी ठरवले. आणि ठरवण्याचे कारण इतके लहान होते की बरीच वर्षे कोणाला सांगायला लाज वाटे.

आमच्या शाळेत येणारी मुले बहुतेक धान पिकवणाऱ्या घरांतली होती. इंग्रजीचा तास आला की त्यांचे खांदे पडत. मॅडमनी या भीतीवर एक उपाय काढला. त्या मोठे शब्द बाजूला ठेवीत आणि मुलांना घरून काहीतरी अगदी बारीक आणायला सांगत. मुले काय काय आणीत! तांदळाची कणकी, कोंडा, सुताराकडची ढलपी, विटेची कपची, फुटलेल्या बांगडीचा तुकडा, चुलीतली राख. मॅडम एकेक वस्तू तळहातावर घेऊन आधी घरचा शब्द विचारीत आणि मग इंग्रजीतला सांगत. दाण्याला ग्रेन. लाकडाची बारीक धारदार काडी बोटात घुसते तिला स्प्लिंटर. विटेचा टवका उडतो तो चिप. पापुद्रा सुटतो तो फ्लेक. डाग किंवा धुळीचा ठिपका तो स्पेक. आपल्या घरच्या बोलीतल्या शब्दाला वर्गात जागा मिळते, हे पाहून मुले खुलत. घरचा शब्द सांगताना लाजणारी मुलगी इंग्रजी शब्द सांगताना अडखळत नसे, हे मी स्वतः खिडकीतून पाहिले आहे.

मुख्याध्यापकांना हे फारसे पसंत नव्हते. एकदा त्यांनी शिक्षकखोलीत सर्वांसमोर विचारले की मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का? मॅडमनी शांतपणे सांगितले की नाही येणार, पण अभ्यासक्रम दिवाळीनंतर लवकरच संपेल, आपण काळजी करू नये. तो खरोखरच संपला. त्यापुढे मुख्याध्यापकांनी काही विचारले नाही. उलट निवृत्त होताना केलेल्या भाषणात त्यांनी ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’ हा शब्दप्रयोग वापरला आणि मॅडमकडे पाहून बरोबर आहे ना, अशी मान हलवली.

त्या चिमूटभर मिठाचीही एक हकिकत आहे. मॅडम एके दिवशी सगळा वर्ग घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आल्या आणि तराजू मागितला. त्यांना चिमूटभर मिठाचे वजन हवे होते. मी म्हणालो, कोणीही एकाने चिमूट टाका, मी सांगतो. त्यांनी एकेक मुलाला बोलावले. प्रत्येकाची चिमूट निराळी निघाली. सर्वांत मोठी चिमूट एका किरकोळ अंगाच्या मुलीची होती. आम्ही चकित झालो. विचारल्यावर कळले की तिच्या घरी रोवणीच्या दिवसांत भातलावणीला आलेल्या बायामाणसांचा स्वयंपाक तीच करते. तिची चिमूट मोठ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, मापाची झाली होती. मी माझ्या सवयीने फळ्यावर सरासरी काढायला लागलो. मॅडमनी मला थांबवले नाही, पण मुले गेल्यावर म्हणाल्या की सर, तुमच्या सरासरीएवढी चिमूट वर्गात एकाही मुलाची नव्हती. यावर आम्ही बरेच दिवस वाद घातला. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मला वाटते दोघांनाही तो मिटवायचा नाही.

मॅडमच्या स्वभावातील ज्या गुणाचा मला सर्वाधिक आदर आहे तो असा की त्या न येणारी गोष्ट येते असे कधीच दाखवीत नाहीत. क्रम्ब हा शब्द फळ्यावर लिहून त्यांनी तो ‘क्रम’ असा वाचला तेव्हा रूपचंद नावाच्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले होते, “मॅडम, शेवटचा बी तं बोलतच नाही. मंग तो कायले लिवाचा?” वर्ग हसला. दुसरे कोणी असते तर ‘तसा नियम आहे’ म्हणून पुढे गेले असते. मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही, शोधून सांगते. पुढे प्रशिक्षणासाठी नागपूरला गेल्या तेव्हा तिथल्या ग्रंथालयात त्या सलग काही संध्याकाळी बसल्या. परत आल्यावर त्यांनी पहिल्याच तासाला रूपचंदला उभे केले आणि सर्वांना सांगितले की याचे म्हणणे बरोबर होते. फार पूर्वी या शब्दात बी नव्हताच. दुसऱ्या शब्दांकडे पाहून कोणीतरी मागाहून तो जोडला, आणि तेव्हापासून तो तिथे गप्प बसून आहे. आता लिहावा मात्र लागेल, नाहीतर गुण जातील.

रूपचंदने पुढे वर्षभर तो बी इतका बारीक लिहिला की तपासताना मॅडमना चष्मा पुसावा लागे. आज तो दिघोरीला शिक्षक आहे. परवा भेटला तेव्हा सांगत होता, “सर, वर्गात माहीत नसन तं मी सरळ म्हनतो, माहीत नाही. पोरं जास्त ऐकतेत.”

आता मी त्या प्रसंगाकडे वळतो, ज्याविषयी मॅडम स्वतः बोलत नाहीत आणि म्हणूनच तो कोणीतरी लिहून ठेवायला हवा.

धान चुरण्याचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. भंडाऱ्याला एक नेत्रशिबिर भरले होते. तपासणीसाठी आलेले तरुण डॉक्टर दूरच्या राज्यातले होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि हिंदीही जेमतेम होती. आयोजकांनी दुभाष्याचे काम मॅडमना सोपवले. मी आमच्या शाळेतील काही मुलांना घेऊन गेलो होतो. त्यांत नववीतली सुनीता होती. तिचा एक डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी येत होते. सोबत तिची आई होती. आई सर्वांना सांगत होती की मशीनवर धान चुरताना डोळ्यात कचरा गेला. मलाही तसेच वाटले. त्या दिवसांत अशी दुखणी गावात घरोघर असत. पाण्याने डोळा धुवायचा, औषधाचे थेंब घालायचे, दोन दिवसांत बरे वाटते.

सुनीताची पाळी आली. डॉक्टरांनी डोळा पाहिला. बाहेरून फारसे काही दिसत नव्हते. रांग बाहेरच्या पटांगणापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी मॅडमना विचारले की डोळ्यात काय गेले होते. आईने लगेच सांगितले, कचरा. मॅडमच्या ओठांवर स्पेक हा शब्द आला होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले. धुळीचा ठिपका, बारीकसा कण. तो उच्चारला असता तर डॉक्टरांनी थेंब लिहून दिले असते आणि पुढचा माणूस आत आला असता. त्यात डॉक्टरांची चूक म्हणता आली नसती.

पण मॅडमना वस्तू कळल्याशिवाय तिच्या तुकड्याचा शब्द वापरता येत नाही. तो त्यांचा हट्टही आहे आणि सवयही. त्या सुनीताकडे वळल्या आणि म्हणाल्या, कशाचा कचरा?

सुनीताने आईकडे पाहिले. मग म्हणाली, धानाचा. मॅडमनी विचारले, धानाचा म्हणजे काय. तूस, कोंडा की माती? वर्गात याच मुलीने तूस आणि कोंडा यांतला फरक इतरांना समजावून सांगितला होता. आज ती नुसती खाली पाहत राहिली. मागून लोक कुरबुर करू लागले. मीही मॅडमना खुणावले की रांग मोठी आहे.

मॅडमना वेगळेच काहीतरी आठवले होते. त्याआधीच्या आठवड्यात त्या सुनीताच्या घरी जाऊन आल्या होत्या. मुलीला कामासाठी शाळेतून घरी ठेवू नका, असे त्यांनी तिच्या वडिलांना जरा कडक शब्दांत सांगितले होते. सुनीताला बोलायची भीती कोणाची वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. ती भीती खुद्द मॅडमचीच होती. मॅडम खुर्चीवरून उठल्या, तिच्यासमोर खाली बसल्या आणि एरवी वर्गात बोलत त्या भाषेत न बोलता तिच्या घरच्या बोलीत बोलल्या.

“सुनीता, तुझ्या बाबाले मी काहीच म्हननार नाही. मले फक्त सांग, कशाचा होता.”

सुनीता इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावे लागले. “लोखंडाचा. मशीनचा रॉड वाकला होता. मी धरून होती आन बाबा घनानं ठोकून राहिले होते. टिच्चकन आलं डोळ्यात. बाबा म्हने, मॅडमले नको सांगू, तुले घरी ठेवलं म्हून रागावतीन.”

आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने तोंडावर पदर धरला. मॅडम उठल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या की तो स्पेक नाही, स्लिव्हर आहे. लोखंडाचा, घणाच्या घावाने उडालेला. स्लिव्हर म्हणजे मोठ्या तुकड्यापासून सुटलेली बारीक, टोकदार कपची. डॉक्टरांचा हात जिथे होता तिथेच थांबला. त्यांनी मॅडमना तेच वाक्य पुन्हा सांगायला लावले. मग ते सुनीताच्या डोळ्यावर नव्याने वाकले आणि या वेळी फार वेळ पाहत राहिले. उठल्यावर त्यांनी डोळ्याला कोणी हात लावू नये, धुऊ नये, चोळू नये, असे बजावले आणि लगेच एक्स-रे काढायला पाठवले.

एक्स-रेत ती कपची दिसली. डोळ्याच्या आत गेलेली होती. त्याच दुपारी जीप करून आम्ही नागपूरला निघालो. सुनीता मॅडमच्या खांद्याला टेकून बसली होती. वाटेत तिने एकदाच विचारले की मला दिसेल ना. मॅडमनी हो म्हटले नाही. त्या म्हणाल्या की मला माहीत नाही, पण जे डॉक्टर जाणतात त्यांच्याकडे आपण वेळेत चाललो आहोत. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. मुलीला धीर द्यायला एक हो म्हणायला काय हरकत होती? सुनीताने मात्र त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

शस्त्रक्रिया झाली. कपची निघाली. डोळा वाचला.

सुनीताचे वडील मागाहून पोहोचले. ते दवाखान्याच्या ओसरीत भिंतीला टेकून उभे होते, आत येत नव्हते. मॅडम बाहेर गेल्या. ते म्हणाले, “माह्याच्यानंच झालं, मॅडम.” मॅडमनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी ना शाळेचा विषय काढला, ना आधीच्या भेटीचा. सकाळपासून काही खाल्ले का, एवढेच विचारले आणि त्यांना समोरच्या खानावळीत घेऊन गेल्या. त्यानंतर सुनीताची शाळा पूर्ण होईपर्यंत त्या माणसाने मुलीला एक दिवसही घरी ठेवले नाही. सायकलवर मागे बसवून तो तिला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडत असे.

सुनीता आज तुमसरकडे सासरी आहे. त्या डोळ्याने तिला जरा धूसर दिसते, पण सुईत दोरा ओवता येतो. तिच्या शिवणकामाला गावात चांगली मागणी आहे. एका शब्दाने तिचा डोळा वाचला, असे आमच्या भागात लोक सांगतात. मॅडमना हे मुळीच आवडत नाही. त्या म्हणतात, डोळा डॉक्टरांनी वाचवला आणि सुनीताने खरे सांगितले म्हणून वाचला. मी नुसते विचारले. मला विचाराल तर त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विचारू शकणारे आम्ही तिथे पुष्कळ होतो. कोणी विचारले नव्हते.

मॅडमचे घरगुती प्रेम मी ज्या प्रसंगात अनुभवले तो अगदी खासगी आहे, तरीही सांगतो. माझे वडील अखेरच्या आजारात एकोडीहून माझ्याकडे करडीला राहायला आले होते. आयुष्यभर धानाच्या बांधीत चिखल तुडवलेला, तीन भाकरींशिवाय न उठणारा माणूस अन्नाकडे पाठ फिरवून झोपत असे. जेवता का, असे विचारले की ते चिडत. माझी पत्नी रडकुंडीला येई. मॅडमना कळले तेव्हा त्या शाळा सुटल्यावर रोज आमच्याकडे येऊ लागल्या. येताना कणकीची पातळ पेज आणत. वडिलांजवळ बसून गावच्या, तळ्याच्या, धानाच्या गोष्टी काढत. जेवणाचे नावही घेत नसत. मध्येच चमच्याचे टोक पेजेत बुडवून विचारत, “उलुसं घेता का, बाबा?” आणि वडील तोंड उघडत.

उलुसं म्हणजे आमच्याकडे अगदी थोडे, नसल्यासारखे. मॅडम घरी जाताना माझ्या पत्नीला सांगत की आजारी माणसाला ताट दिसले की डोंगर दिसतो. त्याला नाही म्हणता येणार नाही इतके थोडे विचारावे. वडील गेले ते तृप्त होऊन गेले असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरात जेवणावरून रुसवे झाले नाहीत, गप्पा झाल्या. ते ऋण कसे फेडावे हे मला कळत नाही आणि मॅडमनी तो विषय कधी काढू दिला नाही.

त्यांच्या स्वभावातील काही गोष्टींचा आम्हा सहकाऱ्यांना त्रासही झाला, हे लिहिले नाही तर त्याच प्रथम हा लेख बाजूला ठेवतील. त्या तास संपल्याची घंटा ऐकत नसत. कौतुक करण्यात फार हात आखडता. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणे धोक्याचे, कारण वाढप्याने ‘थोडा भात’ विचारले की त्या थोडा म्हणजे किती यावर त्याच्याशी बोलू लागत आणि पुढची सगळी पंगत भाताची वाट पाहत बसे. शिक्षकखोलीत एकदा त्यांनी सर्वांना कामाला लावले होते. त्यांच्या लक्षात आले होते की इंग्रजीत हे बारीकसारीक शब्द बहुधा काहीच नाही हे सांगायला वापरतात. पुराव्याचा श्रेड नाही, खरेपणाचा ग्रेन नाही. मराठीतही पाहा, त्या म्हणाल्या. तिळमात्र शंका नाही, काडीमात्र संबंध नाही, रत्तीभर फरक नाही. एवढेसे आहे हे सांगायला बनलेले शब्द आपण नाही म्हणायला का वापरतो? आणि शंकेला तीळ, संबंधाला काडी, हे कोणी वाटून दिले?

आम्ही सगळे आपापल्या परीने सुचवत गेलो. इतिहासाच्या सरांनी राजांचे दाखले दिले, मी वजनमापे सांगितली. मॅडमनी सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि अखेर म्हणाल्या की मला अजूनही कळले नाही, पण आजचा तास चांगला गेला. त्यावर मुख्याध्यापक दारातून म्हणाले की तो तास खरे तर आठवीचा होता.

निवृत्तीनंतर मॅडम मोहाडीला आपल्या घरी राहतात. यजमान गेले, मुलगा पुण्याला असतो. चल म्हणतो, पण त्या जात नाहीत. सकाळी घरासमोरचा रस्ता झाडून झाला की मोबाईल घेऊन ओट्यावर बसतात. मागच्या वर्षी एका परदेशी बाईंच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओत त्यांना स्मिजन हा शब्द सापडला. चिमटीहूनही थोडे, असा त्याचा अर्थ. त्यांनी मला लगेच फोन केला. त्या वयात एवढा आनंद मी कोणाच्या आवाजात ऐकलेला नाही. त्या म्हणाल्या, आपला उलुसा बघा सर, तिकडेही राहतो.

गौरव समितीची मंडळी त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या आधी नाही म्हणाल्या. मग त्यांनी अट घातली की भाषणे कमी ठेवा आणि जुन्या विद्यार्थ्यांना समोर न बसवता आजूबाजूला बसवा, म्हणजे बोलता येईल. समितीने ती मान्य केली आहे. सुनीताने मॅडमसाठी पोलका शिवून आणण्याचे कबूल केले आहे. माप न घेता शिवणार आहे, असे तिने मला बजावून सांगितले.

मॅडमच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी प्रकृती उत्तम आहे. ती तशीच राहो. त्यांचा दिवस आजच्यासारखाच लवकर उजाडो, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता कमी न होवो, आणि ज्यांना त्यांनी शिकवले त्यांच्या मुलांनाही त्यांच्या ओट्यावर बसायला मिळो.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी विचारले की सर, पाण्याचे दोन थेंब एकमेकांना भेटले की त्यांचा एकच थेंब होतो. पण बिस्किटाचे दोन कण शेजारी ठेवले तर ते जन्मभर दोनच राहतात. तरी थेंबालाही आपण जलकण म्हणतो, म्हणजे दोन्ही कणच. मग भाषेला हा फरक कळतो की नाही? मी पृष्ठताणाचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, ते झाले पाण्याचे. मी शब्दाचे विचारते आहे.

मॅडम, मी विचार करतो आहे. हा प्रश्न सोपा नाही आणि मी तुमच्याइतका जलदही नाही, त्यामुळे उत्तराला बरीच वर्षे लागतील. ते ऐकायला तुम्ही ओट्यावर असालच, हे मी गृहीत धरले आहे.